दाबाची तागडी

एप्रिल उजाडला की ‘यंदा एल निनो आहे का’ हा प्रश्न यवतमाळच्या कापूसवाल्यापासून मुंबईच्या शेअर दलालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी येतो. शब्द पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा. नाताळच्या सुमारास किनाऱ्याशी येणाऱ्या कोमट प्रवाहाला त्यांनी बाळ येशूचं नाव दिलं. शब्द परका म्हणून त्यामागचं शास्त्रही परकं, असं आपण धरून चालतो. पण एल निनो हा एका मोठ्या घडामोडीचा समुद्रातला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा हवेच्या दाबात आहे, आणि त्याचं कूळ काढत गेलं तर आपण पेरूला न पोचता दख्खनच्या दुष्काळाशी येऊन थांबतो.

भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि लगेच १८७६-७७चा दुष्काळ पडला. दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी त्या काळातल्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा हवेचा दाब नेहमीपेक्षा चढा असल्याचं दिसलं. हा चढेपणा भारतापुरता नव्हता, ऑस्ट्रेलियाकडच्या वह्याही तेच सांगत होत्या. पुढे १८८८मध्ये ॲडलेडच्या चार्ल्स टॉड यांनी भारताचे आणि ऑस्ट्रेलियाचे दुष्काळ बरोबरीने येतात, हे मांडलं. १८९७मध्ये स्वीडनच्या हिल्डेब्रांडसन यांना सिडनी आणि ब्युनॉस आयरिस इथला दाब एकमेकांच्या उलट चालताना आढळला. तागडीचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर यावं, तसा.

ही तागडी दिसायला इतकी वर्षं का लागली, हे वायुभारमापकाजवळ उभं राहिल्यावर कळतं. समुद्रसपाटीला नळीतला पारा साधारण ७६ सेंटिमीटर उंच उभा असतो. दुष्काळी आणि सुकाळी हंगामांच्या सरासरी दाबात फरक पडतो तो एकदोन हेक्टापास्कलचा, म्हणजे पाऱ्याच्या उंचीत जेमतेम एकदीड मिलिमीटरचा. शिवाय आपल्याकडे दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री पुन्हा तसंच, आणि हा चढउतार हंगामी फरकाहून मोठा भरतो. एखाद्या दिवसाच्या आकड्यातून म्हणूनच काही हाती लागत नाही. ठरल्या वेळी पारा पाहायचा, पारा उष्णतेने फुगतो म्हणून तपमानाची दुरुस्ती करायची आणि आकडा वहीत उतरवायचा, असं वर्षानुवर्षं केलं तरच तागडीचा काटा दिसू लागतो. कुलाब्याच्या वेधशाळेपासून मॉरिशसपर्यंत वाचन घेणाऱ्या या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. या शोधाचा पाया त्यांच्या वह्यांचा आहे, असं मला वाटतं.

त्या वह्यांवर गणित चालवलं गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४मध्ये खात्याची सूत्रं त्यांच्याकडे आली तेव्हा ते केंब्रिजचे नाणावलेले गणिती होते, हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. १८९९चा भीषण दुष्काळ ताजा होता आणि हिमालयातल्या बर्फावरून पाऊस सांगण्याची ब्लॅनफोर्ड यांची रीत अपुरी पडली होती. वॉकर यांनी जगभरच्या ठिकाणांचे दाब, पाऊस आणि तपमान घेऊन प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढायला घेतला. सारी आकडेमोड कारकुनांनी हातानं केली. त्यातून १९२०च्या दशकात त्यांनी एका मोठ्या हेलकाव्याला नाव दिलं, दक्षिणी आंदोलन. प्रशांत महासागरावरचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूचा उतरतो, आणि हिंदी महासागराकडचा चढला की भारतातला पाऊस आखडतो.

यावर जुना आक्षेप असा, की यात कारण कुठेच नाही, नुसती आकड्यांची जुळणी आहे. हजार जोड्या तपासल्या तर पाचपन्नास योगायोगानंही जुळतील. हा आक्षेप वजनदार आहे. पण तो वॉकर यांच्याही ध्यानात आला होता. अनेक सहसंबंधांतला सर्वांत मोठा तेवढा उचलला तर त्याची कसोटी अधिक कडक हवी, हे त्यांनीच १९१४मध्ये मांडलं. कारणही पुढे सापडलं. १९६९मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी प्रशांत महासागराचं कोमट पाणी आणि वॉकर यांची तागडी हे एकाच यंत्राचे भाग आहेत, हे दाखवलं आणि त्या विषुववृत्तीय वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचं नाव दिलं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: एवढं करून मान्सूनचा अंदाज साधला का? वॉकर यांची सूत्रं दशकादशकाला ढिली पडत गेली. १९८८मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप उभं केलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा दाब त्यातला एक घटक होता. काही वर्षं ते चाललं, २००२च्या दुष्काळानं मात्र चकवलं. त्याआधी १९९७मध्ये एल निनो जबरदस्त असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला होता. मग एल निनोवर एवढी भिस्त कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर असं, की तागडीची ही कुळकथा आपण उलटी वाचतो. मान्सून हे केवळ पारड्यात पडणारं वजन आहे, असं आपण मानतो. खात्याचे माजी प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३मध्ये वॉकर यांचे तक्ते पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांना दिसलं की भारताच्या पावसाचं नातं आधीच्या घडामोडींपेक्षा नंतरच्या घडामोडींशी जास्त घट्ट आहे. मान्सून जगाच्या हवामानाला खबर देतो, तेवढी जगाकडून घेत नाही. एप्रिलमध्ये एल निनोवरून पावसाचं भाकीत करणं अवघड जातं, त्याचं एक मोठं कारण यात आहे.

नॉर्मंड प्रमुख असतानाच, १९२८मध्ये, खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हललं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, आणि बसमधून तिथे उतरणाऱ्यांना तो फक्त एक थांबा वाटतो. मान्सूनच्या पहिल्या अंदाजाला तेव्हा ४२ वर्षं झाली होती. तो ४ जून १८८६ रोजी, ब्लॅनफोर्ड यांच्या कारकिर्दीत निघाला होता.