दोन ‘जैसे थे’ करार



वैऱ्याशी बोलणी करावीत की करू नयेत, हा प्रश्न आपल्या परभणीकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९४७-४८ साली आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी हिंगोलीही याच जिल्ह्यात मोडत असे, आणि जिल्ह्याची उत्तरेची हद्द वऱ्हाडाला भिडलेली होती. हद्दीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे. दोघांत करार झालेला, आणि तरीही गावोगाव घरे जळत होती. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिदिन साजरा करतो, त्यामागे ही हकीकत आहे.

या हकीकतीतून एक धडा सर्रास काढला जातो. वैऱ्याशी बोलून काही साधत नाही, शेवटी फौजच लागते, असे सांगितले जाते. आज जेव्हा वैऱ्याच्या आणि आपल्या, दोघांच्याही हाती अणुबाँब आहे, तेव्हा हा धडा खरा आहे की नाही हे नीट तपासले पाहिजे. माझे काम हमालांची संघटना बांधण्याचे. शाळा थोडकी झाली, वाचन पुढे मोंढ्यात झाले. पण ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही अशा माणसाशी करार कसा करावा आणि तो पाळायला कसे लावावे, एवढे एकच शास्त्र मी आयुष्यभर गिरवीत आलो आहे. त्या डोळ्यांनी मी हा इतिहास वाचला.

१५ ऑगस्ट १९४७ ला निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. छत्तारीच्या नवाबांच्या शिष्टमंडळाने दिल्लीशी वाटाघाटी करून एका कराराचा मसुदा ठरवला. २७ ऑक्टोबरला शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे, तो पहाटेच इत्तेहादच्या जमावाने त्यांची घरे वेढली. नवाब पायउतार झाले, मीर लायक अली पुढे आले, आणि फारसा फरक न करता तोच करार २९ नोव्हेंबर १९४७ ला सहीशिक्क्यानिशी झाला. मुदत एक वर्षाची. इंग्रज सरकारशी निजामाचे संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण यांविषयी जे संबंध होते, तेच भारत सरकारशी चालू राहावेत, असा त्याचा आशय. म्हणून त्याला नाव पडले ‘जैसे थे करार’. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला आले.

पुढे काय झाले? हैदराबाद सरकारने भारताचे चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरविले आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले. भारत म्हणाला, हा करारभंग आहे. हैदराबादने उलट गाऱ्हाणे मांडले, की भारत आमची नाकेबंदी करीत आहे. सिडने कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून रात्री विमानाने शस्त्रे आणून उतरवू लागला. इकडे कासिम रझवीचे रझाकार गावे लुटीत होते. आपल्याकडची कित्येक कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली. तिथे तक्रारीची सुनावणी सुरू होण्याआधीच १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने हत्यार खाली ठेवले. सगळे पाच दिवसांत आटोपले.

आता हा करार मोडला का, हे संघटनेच्या कार्यकर्त्याने पाहावे तसे पाहू. मोंढ्यात हमालीच्या दराचा करार होतो, तेव्हा आम्ही तीन गोष्टी पाहतो. ज्याच्या हातात खरी ताकद आहे त्याची सही आहे काय? पाळणूक मोजायची कशी, हे लिहिले आहे काय? आणि तंटा पडला तर कोणाकडे जायचे, व त्याने किती दिवसांत निकाल द्यायचा?

‘जैसे थे’ करारात पहिल्याच गोष्टीची बोंब होती. सही निजामाची, आणि रस्त्यावरची सत्ता रझवीची. ज्या जमावाने ऑक्टोबरमध्ये शिष्टमंडळाला दारात अडवले, त्याला कराराने कुठेच बांधून घेतले नव्हते. आणि ज्या प्रजेच्या नावाने हे सगळे चालले होते, तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. दुसरे, कोणी किती शस्त्रे आणली, कोणी किती माल अडवला, हे जागेवर जाऊन मोजणारा तिसरा माणूस नव्हता. तिसरे मात्र होते: तंटा दोन लवादांकडे आणि त्यांनी नेमलेल्या सरपंचाकडे द्यावा, असे कलम कागदावर होते. पण लवाद काही बसला नाही. दोन्ही बाजूंनी वर्षभराची उसंत हवी होती म्हणून सही केली, आणि त्या उसंतीत दोघेही पुढच्या झगड्याची तयारी करीत राहिले. मोडले ते बोलणे नव्हे. मोडली ती पोकळ लिहिलेली कलमे.

आणि फौजेने प्रश्न सुटला म्हणतो, तोही हिशेब पुरा मांडला पाहिजे. रझाकारांनी केलेले अत्याचार आपण विसरलो नाही, विसरूही नये. पण पोलीस कारवाईच्या मागोमाग मराठवाड्यात आणि संस्थानाच्या इतर भागांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा केला, आणि तो अहवाल कित्येक दशके बासनात राहिला. वाटाघाटी फसल्या म्हणजे त्याची किंमत टेबलाशी बसलेले मोजत नाहीत. निजाम पुढे राजप्रमुख झाला. मेले ते शेतकरी, विणकर आणि मजूर.

आता दुसऱ्या ‘जैसे थे’ कराराकडे वळतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची राख दूरवर मासे धरणाऱ्या जपानी कोळ्यांच्या बोटीवर पडली आणि त्यांतला एक कोळी त्याच वर्षी दगावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत सूचना मांडली, की निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होवो, तूर्त अणुस्फोट तरी थांबवणारा ‘स्टँडस्टिल’ करार व्हावा. हैदराबादच्या कराराचे इंग्रजी नावही नेमके हेच होते. ज्या सरकारने तसला एक करार सहा वर्षांपूर्वी मोडताना पाहिला, त्यानेच तो शब्द जगापुढे पुन्हा ठेवला, याचे मला नवल वाटते आणि कौतुकही.

त्या सूचनेला फळ यायला नऊ वर्षे लागली. मध्ये ऑक्टोबर १९६२ चा क्यूबाचा पेचप्रसंग येऊन गेला आणि दोन्ही महासत्तांना कडेलोट दिसला. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला. हवेतले, पाण्यातले आणि अंतराळातले स्फोट बंद झाले. जमिनीखालचे मात्र राहिले. कारण काय, तर वर्षाला किती वेळा जागेवर तपासणी करायची, यावर घोडे अडले. रशिया तीनवर ठाम, अमेरिका सातवर. तीन आणि सात यांच्या मधला आकडा दोन बलाढ्य राष्ट्रांना सापडला नाही! आमच्या मोंढ्यातल्या कोणाही मुकादमाने तो सांगितला असता. पण त्यांची अडचण खरी होती. तपासणी म्हणजे वैऱ्याला आपल्या घरात घेणे, आणि तेवढ्या विश्वासासाठी आधी थोडा अनुभव लागतो.

हा अनुभव आपल्या घरचाही आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबाद येथे राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत भारत-पाकिस्तानचा एक करार झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि ती केंद्रे कोठे आहेत याची यादी अक्षांश-रेखांशासह दर १ जानेवारीला एकमेकांना द्यायची. आपल्या महाराष्ट्रातील तारापूर आणि ट्रॉम्बे ही ठिकाणे अशाच प्रकारची. १९९२ पासून यादी देणे सुरू झाले. १९९८ च्या मे महिन्यात दोघांनी स्फोट केले, १९९९ ला कारगिल झाले, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला होऊन फौजा महिनोन् महिने समोरासमोर उभ्या राहिल्या, २००८ ला मुंबईत रक्त सांडले. तरी दर १ जानेवारीला यादी गेली आणि यादी आली. २०२५ ची देवघेव चौतिसावी होती.

हा करार का टिकला? तो छोटा आहे. त्याची पाळणूक मोजता येते. यादी आली की नाही, हे एका दिवसात कळते. आणि मोडला तर मोडणाऱ्याचे घरही सुरक्षित राहत नाही, हे दोघेही जाणतात. मैत्रीची त्याला गरजच पडली नाही.

मी भोळा आशावाद सांगत नाही. १९६० चा सिंधू पाणीवाटपाचा करार युद्धांतून तगला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला. अमेरिका आणि रशिया यांचा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. त्यांच्या लांब पल्ल्याच्या अस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. अण्वस्त्रांवर सरसकट बंदीचा करार २०१७ ला राष्ट्रसंघात झाला, परंतु बाँब बाळगणाऱ्या एकाही राष्ट्राने त्यावर सही केली नाही. तथापि १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांवर अण्वस्त्रे होती, ती आज बारा हजारांच्या आसपास आहेत, हेही खरे. ती आपोआप घटली नाहीत. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या माणसांनी मोजून मोजून कमी केली.

आपल्यापुरते बोलायचे तर एक लहान पाऊल दृष्टीच्या टप्प्यात आहे. १९९८ नंतर भारताने आणि पाकिस्तानने अणुस्फोट केलेला नाही. दोघांनी स्वतःपुरता तसा शब्द दिला आहे. २०१६ मध्ये पाकिस्तानने तो शब्द दुपक्षी कराराने बांधून घेण्याचा प्रस्तावही मांडला होता, पण तो पुढे सरकला नाही. नेहरूंचा ‘जैसे थे’ आपण आजही पाळतो आहोत, फक्त कागदावर नाही. जे पाळले जातेच आहे ते कागदावर आणण्यात कोणाचे काय जाते? हमालांचा कोणताही मोठा हक्क याच वाटेने आला आहे: आधी वहिवाट, मग करार, मग १९६९ चा माथाडी कायदा.

हैदराबादचा धडा म्हणून जे सांगतात, त्यांना माझे इतकेच सांगणे आहे. १९४८ ला बोलणी फसली तेव्हा पाच दिवसांची कारवाई हाताशी होती. तिचीही किंमत हजारो निरपराध जिवांची पडली. बाँबवाल्या दोन राष्ट्रांमध्ये बोलणी फसली तर तसा सहावा दिवस उगवेलच, अशी हमी कोणी सेनापती देऊ शकत नाही. म्हणून वैऱ्याशी बोललेच पाहिजे; आणि बोलताना सही कोणाची, मोजमाप काय आणि लवाद कोण, हे तीन प्रश्न आपल्या सरकारला विचारीत राहिले पाहिजे. ते विचारण्याचा अधिकार, टेबलाशी न बसणाऱ्या आपल्यासारख्यांचा सर्वांत आधी आहे.