बहिःस्थ

समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्यात पदवीधर किती? वक्ते एक आकडा सांगतात, सभागृहात माना हलतात, कुणीतरी ‘इकरा’ या शब्दाची आठवण करून देतो आणि चहा येतो. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक अशा पुष्कळ सभांना हजर राहिलो आहोत. सतरंज्या घालण्यापासून आभार मानण्यापर्यंतची कामेही केली आहेत. आम्हाला असे वाटत आले आहे की ‘किती’ हा प्रश्न एकट्याने फारसे काही सांगत नाही. शिकणारा कोणत्या पायरीवर आहे आणि तो वर्गात बसून शिकतो की घरी बसून, हेही विचारले पाहिजे. या दोन प्रश्नांचे एकमेकांशी नाते आहे आणि ते नाते समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

पुणे विद्यापीठाच्या कागदपत्रांत अनेक वर्षे एक शब्द होता : ‘बहिःस्थ विद्यार्थी’. म्हणजे कॉलेजात न जाता अर्ज भरून थेट परीक्षेला बसणारा. मुंबईकडे त्याला ‘एक्स्टर्नल’ म्हणत. आमच्या मोहल्ल्यांत हे दोन्ही शब्द फार कमी वापरले गेले. ‘प्रायव्हेट से बी.ए. किया’ एवढे म्हटले की सगळ्यांना कळत असे.

गंमत अशी की मुंबई विद्यापीठाचा जन्म झाला तेव्हा ते स्वतःच कुणाला शिकवत नव्हते. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्यांचे काम, शिकवायचे ते कॉलेजांनी. मुंबईची पहिली पदवीधरांची तुकडी १८६२ ची. तीत चारच जण होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यानंतर सहाच वर्षांनी, १८६८ मध्ये, रहिमतुल्ला सयानी एम.ए. झाले. पुढे ते वकील झाले आणि १८९६ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष. वरच्या पायरीवर आपला एक माणूस इतक्या लवकर पोहोचला होता, ही गोष्ट आपल्या सभांमध्ये अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण त्या पायरीखालचा जिना रिकामा होता. १८८२ मध्ये हंटर आयोग बसला, तेव्हाच्या आकड्यांनुसार मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांत ४७५ विद्यार्थी होते आणि त्यांत मुस्लिम होते ७.

त्या वेळच्या शहाण्या माणसांनी हे ओळखले होते. बद्रुद्दीन तैयबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा रोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये शाळा सुरू केली. आधी शाळा, मग कॉलेज, हा क्रम बरोबरच होता. मात्र मुंबईत ज्याला समाजाच्या देणगीतून उभे राहिलेले कॉलेज म्हणता येईल ते जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज, ते १९३० चे. मधल्या पन्नास वर्षांत मॅट्रिक झालेल्या मुलाला एल्फिन्स्टन किंवा विल्सनचा रस्ता धरावा लागे, नाहीतर घरची ऐपत असेल तर अलीगढचा. रत्नागिरीच्या किंवा खानदेशातल्या मुलाला हे दोन्ही रस्ते लांबचे. ज्याचे वडील बोटीवर किंवा मागावर, त्याला तर तिसराच रस्ता होता.

मराठवाड्याची कहाणी वेगळी आहे आणि ती महाराष्ट्रात पुरेशी सांगितली गेलेली नाही. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान, कायदा, वैद्यक हे सगळे तिथे उर्दूत शिकवले जाई आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके तयार करणारे भाषांतर खाते, दारुल-तर्जुमा, विद्यापीठाच्या आधीच सुरू झाले होते. औरंगाबादेत १९२३ मध्ये त्याचे कॉलेज निघाले. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. उर्दू प्राथमिक शाळेत बसलेला मुलगा भाषा न बदलता डॉक्टर होऊ शकेल, अशी शिडी देशात त्याआधी कुणी उभी केली नव्हती. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच शिडीवर चढण्यासाठी मराठी घरातल्या मुलाला मायबोली खाली ठेवून यावे लागे, आणि हा अन्याय होता. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. एक अन्याय दूर झाला, त्याबरोबर आमच्या मुलांच्या शिडीच्या वरच्या पायऱ्याही निघाल्या. खाली उर्दू शाळा तशाच राहिल्या, वर इंग्रजी. दहावीनंतर अकरावी विज्ञानाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात आमच्या मुलांचे चेहरे कसे होतात, ते उर्दू शाळेच्या शिक्षकाला विचारावे.

घरबसल्या शिकण्याचा मार्ग हा या पार्श्वभूमीवर समजून घ्यायचा. तो प्रथम उघडला तो स्त्रियांसाठी. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, देशी भाषेतून शिक्षण ठेवले आणि कॉलेजात न येणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेला बसण्याची सोय केली. आपल्या घरांत मात्र याहून अधिक पोहोचली ती अलीगढची जामिया उर्दू. १९३९ पासून तिच्या अदीब, अदीब माहिर आणि अदीब कामिल या परीक्षा सुरू आहेत. पुस्तके मागवायची, स्वयंपाकघर आटोपल्यावर वाचायची आणि वर्षातून एकदा केंद्रावर जाऊन पेपर लिहायचे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी खाला, फुफ्या आणि आपा यांच्या लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या जोडाखाली ‘अदीब कामिल’ची सनद घडी घालून ठेवलेली असे. मराठी चर्चेत या परीक्षांचा उल्लेखही येत नाही. आमच्या मते त्या स्त्रिया या देशातल्या दूरशिक्षणाच्या पहिल्या विद्यार्थिनींत मोजायला हव्यात.

सरकारी पातळीवर पत्रद्वारा शिक्षण आले ते १९६२ मध्ये, दिल्ली विद्यापीठात, सुमारे ९०० विद्यार्थ्यांनिशी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुढचे लक्ष्यही सांगून ठेवले : १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातले निदान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंवर्गांत असावेत. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. याच काळात समाजाची स्वतःची कॉलेजेही उभी राहत होती : औरंगाबादेत डॉ. रफिक झकेरियांचे मौलाना आझाद कॉलेज १९६३ मध्ये, नागपाड्याला महाराष्ट्र कॉलेज १९६८ मध्ये, पुण्याच्या कॅम्पात पूना कॉलेज १९७० मध्ये. ज्याला सकाळी कॉलेजात जाता येत होते तो तिथे गेला. ज्याला दुकान उघडायचे होते, कारकुनी करायची होती, ज्याच्या पाठीवर चार भावंडे होती, त्याने पोस्टाने येणारी टिपणे वाचून बी.कॉम. केले. त्याच्या पदवीला लग्नाच्या बाजारात थोडा कमी भाव होता. ‘पोस्टाची डिग्री’ म्हणून हसणारे त्याही वेळी होते, आजही आहेत. हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दिवसभर मापे घेऊन रात्री लेखाशास्त्र वाचले असेल.

त्यानंतर मुक्त विद्यापीठे आली. १९८२ मध्ये हैदराबादला पहिले, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये नाशिकला आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बी.ए.ला बसता येईल, ही त्याची सोय महाराष्ट्रातल्या मुस्लिम मुलींसाठी किती मोठी होती, हे भिवंडी-मालेगावच्या वस्त्यांत कळते. सातवी-आठवीत शाळा सुटलेली, लग्न झालेली, दोन मुलांची आई पुन्हा पुस्तक हातात घेऊ शकली.

आम्हा शिक्षकांवरही या विद्यापीठाचे ऋण आहे. डी.एड. करून नोकरीला लागलेल्या किती उर्दू शिक्षकांनी सेवेत राहून इथूनच बी.ए. आणि मग बी.एड. केले! पुस्तके मराठीत होती. बोलायला मराठी येत होती, पण शिक्षणशास्त्राची मराठी वेगळी. ‘अध्ययन-अध्यापन प्रक्रिया’ आणि ‘उद्दिष्टांचे वर्गीकरण’ वाचताना समासात उर्दू अर्थ लिहीत आम्ही मराठी शिकलो. या अंकात आम्ही जे लिहितो आहोत त्या भाषेचा मोठा हिस्सा त्या समासांतून आलेला आहे. १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आले. त्याची सुरुवातही दूरशिक्षणानेच झाली, नियमित वर्ग काही वर्षांनी. त्यामुळे उर्दूतून पदवी पुन्हा शक्य झाली, पण तीही आधी पोस्टाने आली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आकडे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के, तर मुस्लिमांत ४ टक्क्यांहूनही कमी. हे वाक्य सर्वांना पाठ आहे. त्याच अहवालातले दुसरे वाक्य कमी लोकांनी वाचले : नामवंत कॉलेजांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम, आणि पदव्युत्तर वर्गात दर ५० मध्ये एक. म्हणजे एक पायरी चढताच निम्मे गळाले. आमच्या मते खरी बातमी त्या दुसऱ्या वाक्यात होती.

२०१०-११ पासून केंद्र सरकार उच्च शिक्षणाची दरवर्षी देशभर पाहणी करते. २०२१-२२ च्या पाहणीत एकूण विद्यार्थी सुमारे ४ कोटी ३३ लाख आहेत. त्यांतले जवळपास ७९ टक्के पदवीच्या पायरीवर, पदव्युत्तर १२ टक्के, आणि पीएच.डी. करणारे सुमारे २ लाख १३ हजार, म्हणजे शंभरात अर्धा. २०२०-२१ मध्ये दूरशिक्षणात सुमारे ४६ लाख होते, एकूण विद्यार्थ्यांच्या ११ टक्के. कोठारी आयोगाच्या एक तृतीयांशापासून हे किती दूर आहे ते दिसतेच.

मुस्लिम विद्यार्थी २०२१-२२ मध्ये सुमारे २१ लाख, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे कमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे. त्याआधीच्या वर्षी, कोरोनाच्या काळात, देशाची एकूण संख्या वाढली असताना आपली सुमारे आठ टक्क्यांनी घटून १९ लाखांवर आली होती. घरातला रोजगार गेला की प्रथम कुणाचे पुस्तक बंद होते, ते त्या एका वर्षाने दाखवले. मात्र या २१ लाखांत मुली १० लाख ५७ हजार आहेत, मुलांपेक्षा किंचित अधिक. हंटर आयोगापुढे हे कुणी सांगितले असते तर कुणाचा विश्वास बसला नसता. मुली पुढे गेल्या याचा आनंद आहेच, पण मुलगे कुठे गेले, हेही विचारावे लागेल. आमच्या दहावीच्या हजेरीपटावरची नावे पुढे गॅरेजात, मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात आणि आखातात सापडतात.

पायरी आणि पद्धत यांचे नाते आम्ही वर म्हटले, ते इथे उघड होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केले. ‘पोस्टाची डिग्री’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. पण वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग, फार्मसी घरी बसून करता येत नाही, आणि पीएच.डी.ही नाही. प्रयोगशाळा आणि रुग्णालय पोस्टाने पाठवता येत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. त्याचा परिणाम मात्र नीट पाहावा. ज्या मुलीला बी.ए.ला आपण प्रेमाने, काळजीने, एसटीचा प्रवास नको म्हणून ‘घरूनच कर’ असे सांगतो, तिचा जिना आपण एम.ए.पाशी संपवलेला असतो. ती हुशार असली तरी पुढची पायरी इमारतीच्या आत आहे, आणि आत वावरण्याची सवय तिला आपण लागू दिलेली नाही.

आत गेलेल्यांचीही वाट सोपी राहिलेली नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग अंतरिम आदेशात कायम ठेवला, तरी त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. अल्पसंख्याक संशोधकांना पीएच.डी.साठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००९ पासून होती. ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. शंभरात अर्धा असलेल्या त्या वरच्या पायरीवर आपले जे थोडे होते, त्यांच्या हाताचा कठडा असा काढून घेतला गेला.

आमचे म्हणणे मुक्त विद्यापीठाविरुद्ध मुळीच नाही. आम्ही त्याच दारातून आलो. तक्रार आहे ती ते दार कुणासाठी वापरले जाते याबद्दल. ते नोकरी करणाऱ्यांसाठी, शाळा सुटलेल्यांसाठी, संसारात अडकलेल्यांसाठी काढले होते. सतरा वर्षांची, बारावीला पंच्याहत्तर टक्के मिळवलेली, गावापासून तासाभरावर कॉलेज असलेली मुलगी त्यांत मोडत नाही. दरवर्षी जूनमध्ये अशा मुलींचे वडील शाळेत दाखला घ्यायला येतात आणि मुक्त विद्यापीठाचे केंद्र कुठे आहे ते विचारतात. आम्ही पत्ता सांगतो. त्याआधी त्यांना बसवून एसटीच्या पासचे, कॉलेजच्या वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेचेही सांगतो. कुणी ऐकतात, कुणी घड्याळ पाहतात.