उन्हाळा आणि आपलीं घरें

वैशाखांतल्या भर दुपारीं जुन्या वाड्यांत पाऊल टाकलें कीं बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो, हा अनुभव पुण्या-साताऱ्याकडील पुष्कळांस असेल. हा गारवा योगायोगानें आलेला नाहीं. त्यामागें पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार आहे. मात्र पूर्वींचा सगळाच थंडावा असा विचारानें मिळविलेला नव्हता. कांहीं थंडावा दुसऱ्याच्या कष्टांतून येत असे. या दोहोंचा हिशेब निरनिराळा मांडला पाहिजे.

प्रथम घराच्या रचनेकडे पाहूं. देशावरील उन्हाळा कोरडा. दिवसा ऊन भाजून काढतें, पण रात्रीं हवा निवते. वाडे बांधणाऱ्यांनीं हें नीट हेरलें होतें. हात-दोन हात जाडीच्या भिंतींतून उष्णता आंत पोंचेपर्यंत दिवस मावळावयास येई, आणि तोंवर घरचीं माणसें अंगणांत नाहीं तर गच्चीवर निजावयाच्या तयारींत असत. मराठवाड्यांतील मातीच्या माळवदाचें कामही हेंच. रात्रीं चौकांतून तापलेली हवा वर निघून जाई. सकाळीं दारें-खिडक्या लावून घेतल्या कीं आंतला गारवा दुपारपर्यंत टिके. कोंकणांत हवा दमट. तेथें जाड भिंतीपेक्षां उतरतें छप्पर, पडवी आणि खेळता वारा यांचाच आधार. एकच युक्ति सर्वत्र चालत नाहीं, हें त्या लोकांस ठाऊक होतें.

राजेरजवाड्यांनीं पाण्याची जोड घेतली. निजामशाहींत १५८३ च्या सुमारास पुरा झालेला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, फराहबाग महाल तलावाच्या मध्यभागीं उभारलेला होता. छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कींत हौदाच्या खालींच दालन आहे. डोक्यावरील पाण्यामुळें तें उन्हाळ्यांतही थंड राहतें. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें, याच तत्त्वावर वाळ्याचे पडदे चालत. अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वाळ्याच्या घरांचा आणि सोऱ्यानें पाणी गार करण्याच्या रीतीचा उल्लेख आहे.

पण हे पडदे दिवसभर ओले ठेवावयाचे कोणीं? पखाल घेऊन उन्हांत उभ्या असलेल्या भिस्त्यानें. कंपनी सरकारच्या अमदानींत बंगल्यांतून व कचेऱ्यांतून छताला टांगलेले कापडी पंखे आले, तेव्हां दोरी ओढणारा माणूस बहुधा बाहेरच्या ओसरीवर बसे. आंत साहेबास वारा लागे, बाहेर तो घामानें निथळत असे. इंधनाचा खर्च नव्हता हें खरें. पण खर्च मुळींच नव्हता, असें कोण म्हणेल?

विजेच्या पंख्यानें ही दोरी सोडविली, हा त्याचा मोठाच उपकार होय. पुढें १९०२ सालीं विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनियरानें ब्रुकलिनच्या एका छापखान्यांतील दमटपणा आवरण्यासाठीं वातानुकूलनाची योजना केली. छपाईच्या कागदासाठीं निघालेली ती युक्ति कालांतरानें माणसांच्या घरांत शिरली. परंतु हें यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं; आपल्या खोलींतील उष्णता तें गल्लींत लोटतें. साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, तर दीड टनी यंत्र सुमारें १५०० वॅट. ओसरीवरचा माणूस दिसेनासा झाला, एवढेंच; आतां ती झळ शेजारच्या पत्र्याच्या खोलींत राहणाऱ्यास लागते.

म्हणून जुन्या काळापासून घ्यावयाचें तें पंख्याची दोरी नव्हे, भिंतीचें शहाणपण. पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून छाया करावी, गच्चीस पांढरा चुना द्यावा, सकाळीं दारें मिटून रात्रीं उघडावीं. एवढें करून पंख्यानें भागलें तर उत्तमच. यंत्र लावावेंच लागलें, तर तें २४ अंशांवर ठेवावें. एकेका अंशामागें सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें सांगणें आहे. उष्णता आंत येऊं देऊन मग ती बाहेर काढण्यापेक्षां ती दाराबाहेरच थोपविणें केव्हांही स्वस्त पडतें, आणि त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडत नाहीं.