थेंबाचे खरे रूप

इंग्रज पदार्थविज्ञानवेत्ते आर्थर वर्दिंग्टन (१८५२–१९१६) पाऱ्याचे, दुधाचे, पाण्याचे थेंब अंधारात पाडीत आणि विजेच्या ठिणगीच्या निमिषमात्र उजेडात दिसलेले रूप कागदावर रेखाटीत. वर्षानुवर्षे काढलेल्या त्या चित्रांत उसळत्या थेंबाचा मुकुट सर्व बाजूंनी सारखा, निर्दोष असे. १८९४ च्या सुमारास ठिणगीच्याच उजेडात छायाचित्र घेणे साधले. पाहतात तो थेंब ओबडधोबड. कुठे तुटका, कुठे वाकडा! डोळ्यांनी पाहिलेले मनाने परस्पर नीटनेटके केले होते. वर्दिंग्टन यांनी हे उघडपणे मान्य केले व १९०८ साली छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली टिपलेला दुधाचा मुकुट जगभर गाजला. परंतु सत्यासाठी स्वतःच्याच सुबक चित्रांवर पाणी सोडण्याचे वर्दिंग्टन यांचे धैर्य त्या मुकुटाहूनही देखणे होय.