किलकारी: गरोदर महिला आणि बाळांच्या मातांसाठी फोनवरून मोफत आरोग्यमाहिती

योजना थोडक्यात

किलकारी ही केंद्र सरकारच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाची सेवा आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्यातून एकदा आपल्या मोबाईलवर फोन येतो. त्या आठवड्याला उपयोगी पडेल अशी माहिती त्यावर ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जाते. असे एकूण ७२ संदेश आहेत. फोन उचलण्याचे पैसे लागत नाहीत. इंटरनेट किंवा स्मार्टफोनही लागत नाही, साधा बटणाचा फोन पुरतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही या सेवेचा पूर्ण लाभ घेता येतो.

ही सेवा २०१३ साली बिहारमध्ये सुरू झाली. जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने ती इतर राज्यांत नेण्यास सुरुवात केली. छत्तीसगडमध्ये संदेश हिंदीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा मराठीतून सुरू झाली.

माहिती कशाबद्दल असते?

- गरोदरपणातील तपासण्या, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या आणि आहार
- दवाखान्यात बाळंतपणाची तयारी
- बाळाला पहिल्या तासात आणि सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध
- बाळाचे लसीकरण, जुलाब झाल्यास घ्यायची काळजी, सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार
- दोन मुलांमधील अंतर आणि कुटुंब नियोजनाची साधने

नोंदणी कशी होते?

वेगळा अर्ज भरावा लागत नाही. आपण मितानिन दीदी किंवा एएनएम यांच्याकडे गरोदरपणाची नोंद करता, तेव्हा दिलेला मोबाईल क्रमांक सरकारी नोंदवहीत जातो. फोन त्याच क्रमांकावर येतो. म्हणून नोंद करताना तीन गोष्टी नीट सांगा:

१. मोबाईल क्रमांक. जो फोन दिवसभर आपल्याजवळ असतो त्याचाच क्रमांक द्या. पाटन किंवा धमधा भागातील एखाद्या घरात एकच फोन असतो आणि तो कामावर जाणाऱ्या पतीबरोबर भिलाईला जातो. अशा वेळी संदेश येतो, पण जिच्यासाठी तो आहे तिला ऐकू येत नाही. पतीचाच क्रमांक द्यावा लागला, तर संध्याकाळी दोघांनी मिळून संदेश ऐकायचे ठरवा.

२. शेवटच्या पाळीची तारीख. कोणता संदेश कधी पाठवायचा हे या तारखेवरून ठरते. तारीख चुकली तर सातव्या महिन्याची माहिती पाचव्या महिन्यात येईल.

३. बाळंतपणाची तारीख. बाळंतपण माहेरी झाले तरी मितानिन दीदींना कळवा. त्यानंतरच बाळाच्या वयानुसार संदेश सुरू होतात.

गर्भपात झाला किंवा बाळ दगावले, तर ती नोंदही घरातील कोणीतरी करून घ्यावी. नोंद न झाल्यास बाळाविषयीचे फोन येत राहतात आणि आईला त्याचा फार त्रास होतो.

फोन चुकला तर?

नोंदणी असलेल्या मोबाईलवरून १४४२३ हा क्रमांक लावा. संदेश पुन्हा ऐकता येतो. सासूबाई किंवा पती घरी असताना स्पीकर लावून ऐकल्यास अधिक चांगले, कारण आहार, विश्रांती आणि दवाखान्यात जाण्याचे निर्णय बहुतेक घरांत सर्व मिळून घेतात.

फोनवर काय मिळत नाही?

किलकारी माहिती देते, तपासणी करत नाही. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत सुमारे ५,००० महिलांचा अभ्यास झाला. फोन मिळालेल्या महिलांमध्ये कुटुंब नियोजनाच्या साधनांचा वापर वाढलेला दिसला, पण फक्त आईचे दूध देण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. काही गोष्टी ऐकून समजतात, तर काहींसाठी शेजारी बसून दाखवणारे माणूस लागते. बाळ दूध ओढत नसेल तर पुढच्या फोनची वाट पाहू नका, मितानिन दीदींना बोलवा.

पुढील लक्षणे दिसल्यास लगेच दवाखान्यात जा: अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणे, कळा येण्याआधी पाणी जाणे. छत्तीसगडमध्ये १०२ क्रमांकावर महतारी एक्सप्रेस ही मोफत गाडी मिळते. इतर तातडीच्या प्रसंगी १०८ आणि आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ लावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला तर?
देऊ नका. किलकारीचा फोन ध्वनिमुद्रित असतो. त्यात बँक खाते, आधार किंवा ओटीपी विचारला जात नाही. पैसे जमा करण्याचे आमिषही दाखवले जात नाही. असा फोन आल्यास तो ठेवून द्या. फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा.

सिमकार्ड बदलले, आता काय करावे?
नवा क्रमांक एएनएम किंवा मितानिन दीदींना द्या आणि नोंदवहीत बदलून घ्या. तसे न केल्यास संदेश जुन्या क्रमांकावर जात राहतील.

चौथा महिना उलटला, तरी एकही फोन आला नाही.
माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन जवळच्या उपआरोग्य केंद्रात जा. नोंदीतील मोबाईल क्रमांक आपल्यासमोर मोठ्याने वाचून घ्या. एक आकडा जरी चुकला असेल, तरी आपले संदेश दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी जात असतील.