कोयनेचा आलेख कुणाचा?

साल 1964. तुम्ही सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या हेळवाकला पोहोचला आहात. समोर 103 मीटर उंचीचं कोयना धरण, त्यामागे डोंगरांच्या कुशीत चढत गेलेला शिवाजीसागर. दोनेक वर्षांपूर्वी इथे पाणी अडवायला सुरुवात झाली आणि भुईतून आवाज यायला लागले. आधी लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा दणका, लगेच हादरा. फळीवरची भांडी वाजतात. "पाणी चढाय लागलं की ह्ये सुरू हुतंय बघा," शेजारचे आजोबा सांगतात.

पुस्तकं मात्र सांगतात की दख्खनचं पठार पक्कं आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही. आजोबा खरे की पुस्तकं, हे ठरवायला नोंदी लागतात. त्या खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ठेवते आहे. कोयना, गोवळकोट, सातारा, महाबळेश्वर इथे तिने भूकंपमापक बसवले आहेत. त्यातल्या एका खोलीत वाकून बघा. सरळ जाणारी रेघ मध्येच दातेरी होते, पुन्हा सरळ होते. माणूस वेळ लिहितो, धरणातली पाण्याची पातळी शेजारी मांडतो. काम एवढंच, पण रोज न चुकता.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. धरण सरकारचं, संशोधन संस्थाही सरकारची. तरी तिथले एस. के. गुहा आणि त्यांचे सहकारी जलाशयाचं भरणं आणि धक्के यांचा संबंध तपासतायत. वरच्यांना अडचणीची ठरेल अशी रेघही जशीच्या तशी ठेवता येणं, विज्ञानाच्या स्वातंत्र्याची सुरुवात इथे होते.

11 डिसेंबर 1967, सोमवार. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. तुम्ही कोयनानगरला झोपेत आहात. अंथरूणच उचलून आपटल्यासारखं होतं. बाहेर पळेपर्यंत भिंत आत कोसळते. अंधारात धूळ, हाका, गुरांचा हंबरडा. भूकंपाची तीव्रता 6.3. दोनशेच्या आसपास माणसं गेली. तिकडे मुंबईची वीज गेली आहे.

धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. त्याच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने तो हादरा टिपला. सर्वांत मोठा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 63 टक्क्यांइतका. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी हाच आलेख घेऊन काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात याचं गणित मांडणार आहेत. धरणांच्या अभ्यासकांना कोयना हे नाव जगभर पाठ होणार आहे.

1968. युनेस्कोचे तज्ज्ञ आले आहेत. असे पाहुणे आले की यजमानांनी वाट दाखवायची आणि निदान त्यांनी करायचं, अशी रीत पडायला वेळ लागत नाही. इथे यजमानांच्या हातात भूकंपाआधीच्या काही वर्षांच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हरी नारायण आणि हर्ष गुप्ता यांचा कोयनेवरचा लेख 'नेचर'मध्ये येतो. धरणामुळे भूकंप होतो हे सगळ्यांना पटलेलं नाही, वाद जोरात आहे. 1972 मध्ये गुप्ता, रस्तोगी आणि नारायण आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्टा अशा जलाशयांशेजारी कोयना ठेवून सारखेपणा दाखवतात. ज्यांच्या भुईचा अभ्यास व्हायचा, तेच आता दुसऱ्यांच्या भुईबद्दल बोलू लागले.

आता दक्षिणेला चला, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात. वारणेवरच्या चांदोली धरणात 1985 पासून पाणी साठतंय. 1993 च्या डिसेंबरात आणि 1994 च्या फेब्रुवारीत पाचच्या वरचे धक्के बसतात. भूकंपाचा पट्टा वारणेकडे सरकलाय. पावसाळ्यात जलाशय भरले की त्यानंतर धक्के वाढतात, हा क्रम आता अभ्यासकांच्या ओळखीचा झालाय.

मार्च 2011. खंडांच्या कवचात विंधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची कार्यशाळा हैदराबाद आणि कोयनेत भरली आहे. भूकंप जिथे जन्मतो तिथवर खाली उतरायचं, असा बेत आहे. कोयना परिसरातल्या रासाटीला छिद्र घेतल्यावर सुमारे 933 मीटर काळा कातळ संपून थेट ग्रॅनाइटी खडक लागतो. कराडला संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहते. 2017 मध्ये गोठणे इथलं छिद्र तीन किलोमीटर खोल जातं.

त्याच 2017 मध्ये युनेस्कोने विज्ञान आणि संशोधकांविषयीची शिफारस मंजूर केली. प्रकल्पाच्या बऱ्यावाईटाबद्दल संशोधकाने मोकळेपणाने बोलावं आणि विज्ञानात सगळ्यांना वाटा मिळावा, असं ती सांगते. देशाच्या पातळीवर कोयनेने हा वाटा मिळवला. स्वतःच्या नोंदी, स्वतःचे लेख, मग जगाबरोबर विंधन.

पण पाटण आणि शिराळ्यातल्या गावांचं काय? पहिली खबर त्यांची होती, घरं पडली ती त्यांची. तेव्हा आजच्या तारखेला परत आलात की ग्रामसभेत उठा आणि एवढं मागा: आमच्या भुईतून निघालेली माहिती आमच्या भाषेत, समजेल अशी, दरवर्षी इथे येऊन सांगा. आमचे प्रश्नही टिपून न्या. पुढचा मोठा धक्का कधी, हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर ते शोधणाऱ्यांच्या बैठकीत त्या भुईवर राहणाऱ्यांची खुर्ची हवी.