पाणी, रक्त आणि सात मिनिटांचा आलेख

स्तनातली गाठ साधी की कर्करोगाची, हा प्रश्न एमआरआय यंत्र जन्माला येण्याआधीच विचारला गेला होता. मार्च १९७१ मध्ये ब्रुकलिनचे डॉक्टर रेमंड डेमेडियन यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. तेव्हा चुंबकीय अनुनादातून चित्र निघत नव्हतं. उंदरांच्या ऊतींचे तुकडे चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे, रेडिओलहरींनी त्यांतल्या पाण्याचे हायड्रोजन अणू विचलित करायचे आणि ते पूर्वस्थितीला यायला किती वेळ घेतात ते मोजायचं, एवढंच शक्य होतं. दोन प्रकारच्या कर्कगाठींनी निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ घेतला. त्याच निबंधात दोन फायब्रोॲडिनोमाही तपासले होते. फायब्रोॲडिनोमा म्हणजे तरुण स्त्रियांच्या स्तनात बरेचदा आढळणारी निरुपद्रवी गाठ. उंदरांच्या या गाठींचा आकडा कर्कगाठींपेक्षा वेगळा, स्नायूच्या आकड्याशी जुळणारा निघाला.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या तंत्रातून पहिलं चित्र काढलं आणि पुढच्या दशकात स्त्रियांच्या स्तनांचे एमआरआय होऊ लागले. तिथे मात्र या आकड्यांवरून गाठ ओळखण्याची आशा टिकली नाही. काही फायब्रोॲडिनोमा पाणीदार असतात, काही तंतुमय. कर्करोगाच्या गाठींचंही तसंच. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू लागले. नुसत्या पाण्यावरून निदान होईना.

उत्तराचा दुसरा धागा १९७१ मध्येच, चुंबकाशी काहीही संबंध नसलेल्या एका निबंधात होता. बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी मांडलं, की गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचं तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभाराव्या लागतात. कर्कगाठीच्या या वाहिन्या घाईने वाढलेल्या, वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या असतात.

हे झिरपणं चित्रात दाखवलं गॅडोलिनियमने. हा धातू सुटा असला तर विषारी. बर्लिनच्या शेरिंग कंपनीने तो एका रेणूत घट्ट बांधून शिरेतून देण्याजोगं औषध तयार केलं. ते जिथे साचतं तिथलं पाणी चित्रात उजळ दिसतं. १९८०च्या दशकाच्या मध्याला म्युनिकमध्ये सिल्व्हिया हायवांग यांनी ते स्तनाच्या एमआरआयसाठी वापरलं आणि कर्कगाठी ठळक उजळल्या. पण कित्येक साध्या गाठीही उजळल्या! मग वेर्नर कायझर यांनी औषध दिल्यावर एकामागून एक चित्रं घेतली. कर्करोग पहिल्या एक-दोन मिनिटांतच झपाट्याने उजळतो, हे १९८९च्या त्यांच्या निबंधात आलं.

त्यानंतर काय होतं, हे १९९९ मध्ये बॉनच्या ख्रिस्तिआने कूल यांनी दाखवलं. त्यांनी २६६ गाठींच्या उजळपणाचे वेळेनुसार आलेख काढून ते तीन प्रकारांत लावले: शेवटपर्यंत चढत जाणारा, चढून सपाट होणारा आणि चढून उतरणारा. कर्करोगाच्या ५७ टक्के गाठींचा आलेख उतरला. साध्या गाठींत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होतं. उलट ८३ टक्के साध्या गाठींचा आलेख चढतच राहिला. ज्या वाहिन्यांतून औषध चटकन बाहेर झिरपतं, त्यांतूनच ते चटकन परतही जातं.

आजही तपासणी याच वाटेने जाते. स्त्री पालथी झोपते, दोन्ही स्तन यंत्राच्या संकेत टिपणाऱ्या कॉइलच्या पोकळ्यांत मोकळे सोडलेले असतात. आधी एक कोरं चित्र, मग इंजेक्शन, मग साधारण सहा-सात मिनिटं पुन्हा पुन्हा चित्रं. रेडिओलॉजिस्ट कोरं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करतात, गाठीतल्या सर्वांत लवकर उजळलेल्या ठिपक्यावर खूण ठेवतात आणि त्याचा आलेख काढतात. सोबत कडा पाहतात. गुळगुळीत कड आणि आत न उजळणारे काळे पडदे दिसले तर फायब्रोॲडिनोमाकडे कल. काटेरी कड किंवा कडेने उजळलेलं कडं दिसलं तर संशय बळावतो. ही परिभाषा अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २००३ मध्ये एकसारखी करून दिली.

कूल यांच्याच आकडेवारीत सुमारे ९ टक्के कर्करोगांचा आलेख साध्या गाठीसारखा चढत राहिला होता. म्हणून कड काटेरी असेल तर आलेख कितीही निर्धोक दिसो, बायोप्सी करायलाच हवी. आणि उतरता आलेख पाहून कुणी धीर सोडू नये, कारण काही साध्या गाठीही तसंच वागतात. कोणत्या गाठीत सुई घालायची आणि कुठली देखरेखीवर ठेवायची, हे ठरवायला एमआरआय भक्कम मदत करतो. गाठीचं अंतिम निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.